कॅमेऱ्यातला माइक आणि पाळीवरचा माणूस

फौंड्री चालू असताना तिथे बोलणे ऐकू येत नाही. शॉट ब्लास्टिंगचे मशिन, नॉकआउटची धडधड, फेटलिंगच्या ग्राइंडरची किंकाळी आणि या सगळ्यावर कॉम्प्रेसर. शिरोली एमआयडीसीतल्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभे असलेले दोघे हातवाऱ्यांनी बोलतात. फर्नेसवरचा माणूस लॅडल पुढे घ्यायला सांगतो, तोही हात वर करून. कारखान्यांच्या नियमांनी आठ तासांसाठी आवाजाची मर्यादा घातली आहे ९० डेसिबल, आणि माणसाचे साधे बोलणे मीटरभर अंतरावर ६० डेसिबलच्या आसपास असते. मधल्या तीस डेसिबलचा अर्थ ध्वनीच्या शक्तीत हजारपट फरक. एवढ्या कल्लोळात छताजवळच्या कॅमेऱ्यातला माइक माणसाचे वाक्य पकडू शकत नाही.

मग तो पकडतो काय? डब्याच्या सुट्टीत मशिने थांबतात तेव्हाचे बोलणे. टाइम ऑफिसच्या खिडकीशी हजेरीवरून झालेली कुरबूर. गेटजवळच्या बाकावर दुसऱ्या पाळीची वाट बघणाऱ्यांच्या गप्पा: उसाचे बिल कधी जमा होणार, म्हैस आटली, पंचगंगेचे पाणी यंदा कुठवर चढेल, पोरीचे स्थळ जमले की मोडले, ॲडव्हान्स मागायचा तर साहेबांपुढे शब्द कुणी टाकायचा. कारखान्यातला माइक कामावर लक्ष ठेवू शकत नाही. तो विश्रांतीवर लक्ष ठेवतो. कर्मचाऱ्यांचे बोलणे टिपणे कायदेशीर आहे का, या प्रश्नाकडे मी याच जागेवरून पाहतो. या पुस्तिकेच्या पुढच्या पानांत कलमे आणि निकाल येतील, ते वाचतानाही हा बाक वाचकाच्या डोळ्यांपुढे असावा अशी माझी इच्छा आहे.

पुलाची शिरोली हे हातकणंगले तालुक्यातले, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या जोरावर वाढलेला ओतकामाचा धंदा शहराबाहेर सरकला तो शिरोलीत, गोकुळ शिरगावात आणि नंतर कागल-हातकणंगल्याच्या पंचतारांकित वसाहतीत. इथले कास्टिंग मोटारी, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्यांकडे देशभर जाते. काही मोठ्या कंपन्या सोडल्या तर बाकीची युनिटे लहान आहेत. मालक स्वतः शेडवर उभा राहतो, माणसांना नावाने ओळखतो, कुणाच्या घरी लग्न आहे आणि कुणाच्या घरी आजारपण हे त्याला माहीत असते. परमनंट माणूस आसपासच्या गावचा, घरी थोडीफार शेती आणि गोठ्यात एखादे जनावर असलेला. ठेकेदाराचा माणूस उत्तर प्रदेश, बिहार किंवा ओडिशातून आलेला. एचआर खाते वगैरे नसते. हजेरी, पगार, पीएफ आणि कायद्याचे कागद एकच कारकून पाहतो. दिल्लीत होणारा विदा संरक्षणाचा कायदा हिंजवडीच्या कंपनीत वकिलांच्या फौजेसमोर जातो. शिरोलीत तो या एका कारकुनाच्या टेबलावर येऊन पडतो. ही पुस्तिका आधी त्याच्यासाठी आहे, मग कामगारासाठी आणि मालकासाठी.

माइक लावायचाच असे ठरवून माइक लावणारे मालक थोडे. बहुतेकदा कॅमेरा विकत घेतला जातो आणि माइक त्याच्या पोटात आलेला असतो. बाजारातल्या आयपी कॅमेऱ्यांत अंगचाच माइक असणे आता नेहमीचे झाले आहे. बसवणारा मुलगा एनव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, जोडतो, मालकाच्या मोबाइलवर ॲप टाकून देतो आणि ऑडिओचा पर्याय चालू की बंद हे कुणी विचारतही नाही. काही महिन्यांनी मालक घरी जेवायला बसल्यावर ॲप उघडतो, डब्याच्या सुट्टीतले चित्र दिसते, आणि त्याबरोबर आवाजही येतो. त्या क्षणापासून गोष्ट बदलते. आपल्याबद्दल कोण काय बोलते हे कळण्याचा मोह फार मोठा असतो, चांगल्या माणसालाही.

पूर्वी या मोहाला एक नैसर्गिक आळा होता. चोवीस तासांचे रेकॉर्डिंग ऐकायला चोवीस तास लागत. आता बोलण्याचे मजकुरात रूपांतर करणारी साधने मराठीही लिहून देतात, आणि लिहिलेल्या मजकुरात युनियन, वकील, पगारवाढ असा शब्द टाकून शोध घेता येतो. ऐकायला माणूस लागत नाही, वेळही लागत नाही. त्यात कोल्हापूरची बोली. इथे दोस्ताला हाक मारतानाही शिवी येते आणि तिच्यात जिव्हाळा असतो. ‘त्याचा काटा काढतो बघ’ हे वाक्य फुटबॉलच्या मॅचबद्दलही असू शकते. बोलणाऱ्याचा चेहरा, हसू आणि समोरच्याचे उत्तर कापून तेवढे एक वाक्य कागदावर आले की त्याची धमकी होते. बोलणे टिपणाऱ्या यंत्राबद्दल माझी सर्वांत मोठी काळजी हीच आहे. शब्द खरे असतात, आणि तरीही अर्थ खोटा निघतो.

मालकाच्या अडचणी खऱ्या आहेत, त्या बाजूला सारून ही चर्चा करू नये. फेरोॲलॉय महाग असते, भंगाराची चोरी होते, ग्राहकाची ड्रॉइंग बाहेर गेली तर ऑर्डर जाते. ओले भंगार फर्नेसमध्ये पडले तर धातू उसळतो आणि माणसे भाजतात. अशा अपघातानंतर नेमके काय घडले हे कळणे सगळ्यांच्याच हिताचे असते. सुपरवायझरने शिवीगाळ केली की कामगाराने, या वादात रेकॉर्डिंग असेल तर खोट्या आरोपातून सुटका होते, असेही मालक सांगतात. पण यातली एकेक अडचण घेऊन तपासावी. चोरी चित्रात दिसते, वजनकाट्यावर दिसते, गेटपासवर दिसते; ती ऐकू येत नाही. अपघाताच्या वेळी शेडमध्ये इतका गोंगाट असतो की माइकचा उपयोग जवळपास शून्य. ड्रॉइंग चोरणारा माणूस ते बाकावर बसून मोठ्याने सांगत नाही. राहिला शिवीगाळीचा वाद. तो खरा आहे, आणि त्याच्यासाठी दोघांना सांगून, ठरलेल्या बैठकीत, समोर ठेवलेल्या फोनवर केलेले रेकॉर्डिंग पुरते.

आता कायदा. भिंतीवरच्या माइकने समोरासमोरचे बोलणे टिपले, एवढ्या एका कृतीला थेट गुन्हा ठरवणारे स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. हे कामगारांना ऐकायला आवडणार नाही, पण आधीच सांगितलेले बरे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ई शरीराच्या खाजगी भागांच्या चित्रीकरणाबद्दल आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीकडे चोरून पाहण्याबद्दल आणि तसे चित्रण करण्याबद्दल, कलम ७८ पाठलागाबद्दल आणि स्त्रीच्या इलेक्ट्रॉनिक संपर्कावर नजर ठेवण्याबद्दल. यांत डोळ्यांचा गुन्हा आहे, फोन-इंटरनेटचा आहे. बाकावरच्या गप्पा ऐकणाऱ्या कानाचा नाही.

फोनचे मात्र वेगळे. ऑफिसच्या लाइनवर किंवा कामगाराच्या मोबाइलवर चाललेला संवाद तिसऱ्याने मधून ऐकला तर तो बेकायदा इंटरसेप्शन ठरतो. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा घेणाऱ्या दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ४२ मध्ये त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे, आणि हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात घरात किंवा कार्यालयात बसून निर्वेध फोनवर बोलण्याला खाजगीपणाच्या हक्कात धरले. त्या निकालात कार्यालयाचा उल्लेख आहे, हे आपल्या विषयासाठी लाखमोलाचे. कामाच्या जागेचा उंबरा ओलांडला की माणसाचे खाजगीपण बाहेर राहते, ही समजूत निदान फोनपुरती तरी तेव्हाच मोडली.

आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दलचे आपले जुने कायदेशीर विचार मुंबईच्या दोन प्रकरणांतून घडले आहेत. दोन्ही लाचेची, दोन्ही आधी पोलिसांच्या मदतीने रचलेली. युसुफअली नागरी यांच्या १९६७ च्या निकालात महापालिकेच्या कर्मचाऱ्याला लाच देऊ करणारे बोलणे त्या कर्मचाऱ्याच्याच संमतीने लपवलेल्या माइकवर टिपले होते. आर. एम. मलकाणी हे मुंबईचे कॉरोनर. एका डॉक्टरशी १९६४ मध्ये झालेले त्यांचे फोनवरचे बोलणे त्या डॉक्टरच्या संमतीने पोलिसांनी टेपवर घेतले, आणि १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाने स्वतःहून रेकॉर्ड करू दिले तर ती चोरून ऐकण्याची गोष्ट होत नाही, हा या निकालांमागचा धागा आहे. मालकांचे सल्लागार हे निकाल दाखवून रेकॉर्डिंग चालते म्हणतात. पण बाकावर बोलणाऱ्या दोन कामगारांपैकी कुणीच माइकला परवानगी दिलेली नसते, आणि मालक त्या बोलण्यात सहभागी नसतो. मलकाणीचा निकाल त्याच्या उपयोगाचा नाही. उलट तो कामगाराच्या उपयोगाचा आहे. सुपरवायझर आपल्याशी काय बोलला हे स्वतःच्या खिशातल्या फोनवर घेणारा कामगार त्या संवादातला एक पक्ष असतो. कंपनीच्या आवारात फोन वापरण्यावर बंदी असेल तर ती शिस्तभंगाची बाब होऊ शकते, पण ते चोरून ऐकणे होत नाही. हा फरक इथल्या प्रत्येक कामगाराला आणि मालकाला ठाऊक असायला हवा.

घटनेच्या पातळीवर मोठा बदल २४ ऑगस्ट २०१७ ला झाला. न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणाचा हक्क कलम २१ मध्ये आहे असे सांगितले. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश रास्त हवा आणि साधन त्या उद्देशाच्या मानाने बेताचे हवे, अशी कसोटी त्यातून आली. ही कसोटी मुळात सरकारला लागू. खाजगी कारखानदाराचे काय? जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने बहुमताने सांगितले की कलम १९ आणि २१ मधले हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात; न्यायमूर्ती नागरत्ना यांचे मत वेगळे पडले. दार उघडले आहे, पण त्यातून फौंड्रीतला कामगार आत कसा जाईल याचा मळलेला रस्ता अजून नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचे कागद: डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा, २०२३ आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम. कॅमेऱ्याने टिपलेला आवाज एनव्हीआरमध्ये साठला की तो डिजिटल विदा झाला, आणि त्यावरून माणूस ओळखता येत असेल तर व्यक्तिगत विदा. मालकाला बांधणारी मुख्य कलमे नियमांनंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतील. कायद्याचा सर्वसाधारण नियम असा की संमती मोकळी, नेमकी, माहितीवर आधारलेली आणि बिनशर्त हवी, आणि तिच्याआधी नोटीस हवी. ती नोटीस इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायला मिळण्याची सोय हवी. मराठी, हिंदी, ओडिया तिन्ही त्यात आहेत. भोजपुरी नाही.

पण नोकरीच्या बाबतीत कायद्याने मालकाला एक मोठी सवलत दिली आहे. कलम ७ च्या खंड (आय) प्रमाणे नोकरीच्या कारणासाठी, किंवा औद्योगिक हेरगिरी, व्यापारी गुपिते यांसारख्या गोष्टींत मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, संमतीशिवायही विदा वापरता येतो. संमती लागत नाही म्हणून संमतीबरोबरची नोटीस लागत नाही. आपल्याबद्दल काय साठवले आहे ते पाहण्याचा कलम ११ मधला हक्कही संमती देणाऱ्यांपुरताच लिहिला आहे. म्हणजे ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्यालाच काय टिपले गेले ते विचारायचीही सोय नाही. या कायद्यातली ही सर्वांत वाईट जागा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि संसदेने ती दुरुस्त करावी.

दुरुस्ती होईपर्यंत वाद घालायला जागा आहे, ती सोडू नये. सवलत नोकरीच्या कारणासाठी आहे. डब्याच्या सुट्टीत घरच्या गोष्टी बोलणे हे नोकरीचे कारण कसे होईल? सवलत मालक आणि कर्मचारी यांच्या नात्यावर उभी आहे. ठेकेदाराच्या माणसाचा मालक ठेकेदार, आणि माइक मात्र कंपनीचा. गेटवर थांबलेला ट्रक ड्रायव्हर, तपासणीला आलेला ग्राहकाचा इंजिनिअर, डबा घेऊन आलेली बायको यांतले कुणीच कंपनीचे कर्मचारी नव्हेत. त्यांचे बोलणे टिपायचे तर कलम ७ चा हा खंड मालकाला वाचवत नाही. माइकला परमनंट, कंत्राटी आणि पाहुणा यांतला फरक कळत नाही, म्हणून माइक चालू ठेवणारा मालक रोज कुणाच्या तरी बाबतीत कायदा मोडण्याच्या काठावर उभा असतो. विदा नीट सुरक्षित न ठेवल्याचा दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. शिरोलीतल्या युनिटला एवढा दंड होणार नाही हे उघड आहे, पण पासवर्ड ‘१२३४५६’ ठेवलेला एनव्हीआर ही आता निव्वळ निष्काळजीपणाची बाब उरलेली नाही. आणि दंड झाला तरी तो भारताच्या संचित निधीत जमा होतो. ज्याचे बोलणे बाहेर गेले त्याला भरपाई म्हणून काही मिळत नाही. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केल्याबद्दल तक्रारदारालाच मात्र दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बारा तास भट्टीपुढे उभा राहणारा माणूस हे वाचून तक्रार करील का, याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता.

न्यायालयात रेकॉर्डिंग पुरावा म्हणून जायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचा हॅशही नोंदवावा लागतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची अट सक्तीची ठरवली. पण कामगाराचे भवितव्य आधी न्यायालयात ठरत नाही, ते कंपनीच्या डोमेस्टिक एन्क्वायरीत ठरते. तिथे पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम लागत नाहीत, हे रतनसिंग या बस कंडक्टरच्या १९७७ च्या प्रकरणापासून पक्के आहे. चौकशी अधिकाऱ्यासमोर लॅपटॉपवर बारा सेकंदांची क्लिप वाजते, चार्जशीटला ती जोडली जाते, आणि माणूस घरी. म्हणून या पुस्तिकेत सर्वांत जास्त पाने डोमेस्टिक एन्क्वायरीला दिली आहेत. पूर्ण रेकॉर्डिंगची प्रत मागा, क्लिपच्या आधीची आणि नंतरची मिनिटे मागा, कोणी, कधी आणि कशातून ती काढली हे विचारण्यासाठी संबंधित माणसाची उलटतपासणी मागा. हे मागितले आणि दिले नाही, तर नैसर्गिक न्यायाचा भंग झाला असे पुढे म्हणता येते. मागितलेच नाही, तर म्हणता येत नाही.

स्पेनमधले एक प्रकरण मला आपल्या प्रश्नाच्या फार जवळचे वाटते. गॅलिसियातल्या ला तोखा इथल्या कॅसिनोत कॅमेरे आधीच होते. व्यवस्थापनाने रोखपालाच्या खिडकीशी आणि रूलेटच्या एका टेबलाशी माइकही बसवले. ग्राहकांच्या तक्रारी आल्या तर खरेखोटे करता येईल, हे कारण. कामगारांनी दाद मागितली. वरच्या प्रादेशिक न्यायालयाने म्हटले की कामाची जागा ही खाजगी जागाच नव्हे. १० एप्रिल २००० ला स्पेनच्या घटना न्यायालयाने हा निकाल फिरवला. कामाच्या जागीही माणसाचे खाजगी जीवन असते, माइक सगळे टिपतो, कामाशी संबंध नसलेलेही टिपतो, आणि उपयोगी पडेल एवढे कारण त्याला पुरत नाही, कारण कॅमेऱ्यांची व्यवस्था आधीच आहे. आपल्या न्यायालयांवर हा निकाल बंधनकारक नाही. पण पुट्टस्वामीच्या कसोटीतले शेवटचे पाऊल, साधन बेताचे आहे का, ते माइकच्या बाबतीत कसे तपासावे याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा मला ठाऊक नाही. कॅसिनोत निदान बोलणे हे कामाचा भाग होते. फौंड्रीत तेही नाही.

बोलणे टिपणे सर्वत्र वाईटच, असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी यांच्या प्रकरणात देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे बसवायला सांगितले. शिरोली एमआयडीसीचे पोलीस ठाणेही त्यातच येते. तिथे आवाज हवा, कारण कोठडीतल्या माणसाला त्या आवाजाशिवाय साक्षीदार नसतो. तिथे कान सत्तेकडे लावलेला आहे. आणि तिथेही न्यायालयाने ठाण्याच्या दारात आणि आत मोठे फलक लावायला सांगितले, की इथे कॅमेरे आहेत. विमानाच्या कॉकपिटमध्ये वैमानिकांचे बोलणे टिपले जाते, पण ते काही तासांनी आपोआप पुसले जाते आणि त्याचा उपयोग अपघाताच्या तपासाशी बांधलेला असतो. वैमानिक एअरलाइनबद्दल काय म्हणाला हे मोजायला ते नसते. अपघाताचे कारण सांगून माइक लावू पाहणाऱ्या मालकाने हा नमुना घ्यावा. आधी फलक, ठरलेली जागा, थोड्या काळाने आपोआप पुसण्याची सोय, आणि अपघात किंवा लेखी तक्रार झाल्याशिवाय कुणीही न ऐकण्याचा नियम.

संघटनेचा प्रश्न यापेक्षाही नाजूक. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याने कामगारांना संघटित होण्यात आडकाठी करणे, धाकदपटशा करणे ही अनुचित प्रथा मानली आहे. युनियन काढायची का, यावर गेटबाहेर चाललेली चर्चा मालकाच्या फोनवर पोचत असेल आणि त्यानंतर त्यातल्या दोघांची पाळी बदलली जात असेल, तर माइक हा त्या अनुचित प्रथेचाच एक भाग आहे असा युक्तिवाद करता येतो. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेने रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत राज्याच्या या कायद्याचे नाव नाही. त्याच संहितेने स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांवर नेली, पूर्वी केंद्रीय कायद्यात ती शंभरावर होती. शिरोलीतल्या बहुतेक युनिटांत लेखी स्थायी आदेश आता सक्तीचे राहिले नाहीत, आणि माइकबद्दलचा नियम तिथे लिहायला लावण्याचा सोपा मार्ग त्याबरोबर गेला. उरतो नोटिशीचा मार्ग. शिस्तीचे नवे नियम आणायचे तर कामगारांना एकवीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली तरतूद नव्या संहितेतही आली आहे. माइकवरच्या बोलण्यावरून कारवाई करणे हा शिस्तीचा नवा नियमच आहे, अशी माझी भूमिका आहे, आणि ती वकिलांनी न्यायालयात तपासून पाहावी.

स्त्री कामगारांबद्दल एक गोष्ट थोडक्यात. लैंगिक छळाच्या तक्रारीची सुनावणी ज्या खोलीत होते तिथे चालू माइक असेल, तर २०१३ च्या कायद्याच्या कलम १६ ने सांगितलेली गुप्तता तिथेच संपली. कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या बायका कपडे बदलतात, बसतात, एकमेकींना अडचणी सांगतात, त्या जागेच्या आसपास माइक नको, यावर चर्चेची गरजच नसावी.

आणि एक जवळची बाब. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर हे सहा जिल्हे तिथे येतात. औद्योगिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध रिट करायला कामगाराला पूर्वी मुंबई गाठावी लागे. रात्रीची गाडी, वकिलाची फी, बुडालेला रोज. आता शिरोलीहून पूल ओलांडला की न्यायालय आहे. भिंतीवरच्या माइकबद्दलचा स्पष्ट निकाल या बेंचकडून यावा, आणि तो कामगारांच्या एखाद्या चांगल्या तयारीच्या अर्जावर यावा, म्हणून ही पुस्तिका वेळेवर निघते आहे याचा मला आनंद आहे.

मे २०२७ पर्यंत वेळ आहे. कारकुनाने या आठवड्यात करायचे काम एवढेच: एनव्हीआरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा ऑडिओ तपासायचा, फौंड्रीच्या ज्या जागी त्याचे लेखी कारण देता येत नाही तिथे तो बंद करायचा, आणि ज्या जागी ठेवायचा तिथे मराठी, हिंदी आणि ओडियात फलक लावायचा. आधी साठलेला आवाज पुसायचा, मात्र एखाद्या कामगाराची चौकशी किंवा न्यायालयातला वाद चालू असेल तर त्यासंबंधीचे रेकॉर्डिंग जसेच्या तसे ठेवायचे, कारण ते दोन्ही बाजूंना लागेल. कामगाराला आपल्या डोक्यावरच्या कॅमेऱ्यात माइक आहे का हे विचारायचे असेल, तर लेखी अर्जाचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो एकट्याने न देता पाळीतल्या सगळ्यांनी सह्या करून द्यावा.